हूं की चूं

"कार्ड उन्हात कोणी घातलं?"

पडवीत पाय ठेवायच्या आधीच मी विचारलं. चपला काढल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. गोदूबाई अंगणात जुन्या जाळ्यावर पसरलेली मांदेली हाताने परतत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"कनचा कार्ड?"

"कनचा म्हणजे! तुमच्या नातीच्या टाचेतलं रक्त घेतलं होतं ना बुधवारी, त्या जाड कागदावर? आत फळीवर ठेवून गेले होते मी. हात लावू नका, असं सांगून गेले होते की नाही?"

"हात कुनी लावला? दगड ठेवला वर, वाऱ्यानं उडंल म्हनून." आता ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सावलीत वालतं काय, बाय? दोन तास बघितला, वल्ला तो वल्लाच. खाडीचा वारा हाय हितं. पोरीचं रगत, त्याला बुरशी धरली म्हंजे? उचलला नि घातला उन्हात मांदेलीच्या बाजूला. एकदा परतला पन. असा कडक वालला! पन्नास वरसं मासली वालवतंय मी. मना कोन शिकवनार वालवायला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. भांडायला आले होते आणि समोरची बाई शाबासकीची वाट बघत उभी होती. आता हिला काय बोलणार!

त्याच सकाळी तालुक्याहून कमलेशचा फोन आला होता. कमलेश म्हणजे या रक्ततपासणीच्या कामाची आकडेवारी बघणारा पोरगा. वाईट नाही, पण टक्क्यांपलीकडे त्याला जग नाही. "मॅडम, तुमचा एक नमुना बाद," तो म्हणाला. "उष्णता लागलीय म्हणे. आणि ऐका ना, एका थेंबावर माशाचा खवला चिकटलाय! लॅबमधले सगळे हसतायत."

मला हसू आलं नाही. तो खवला कुठल्या अंगणातला, हे मला फोनवरच कळलं.

काम तसं साधं आहे. बाळाला दोन दिवस पुरे झाले की टाचेच्या कडेला बारीकशी टोचणी लावायची, चार थेंब कार्डावर घ्यायचे. कार्ड सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं. ऊन नाही, पंखा नाही, बोटसुद्धा नाही. मग पाकिटात घालून लॅबला. त्यातून सात-आठ आजार कळतात. जन्माबरोबरच आलेले, पण वरून न दिसणारे. हजार-दोन हजारांत एखाद्या बाळाला असतात. तो एखादा कोण, ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, म्हणून सगळ्यांचं घ्यायचं. आणि नियम असा की कार्ड वाळेपर्यंत नर्सने तिथून हलायचं नाही.

मी हलले होते. बुधवारी शाळेत लसीकरण होतं, चाळीस मुलं रांगेत होती. कार्ड फळीवर ठेवलं आणि निघाले. चार वाजता परत आले तर कार्ड फळीवरच, कोरडं ठणठणीत. मला वाटलं, वा, आज हवा चांगली आहे! चष्मा पिशवीत होता, तो काढायचाही कंटाळा केला. म्हणजे गोदूबाईची चूक नंतरची, आधीची माझी.

"घाबरू नका मॅडम," कमलेश म्हणाला होता. "दुसऱ्यांदा घ्यायला घरचे तयार नसतील तर फॉर्मवर 'कुटुंबाचा नकार' असा रकाना आहे. अंगठा घ्या, फोटो पाठवा. आपले अठ्ठ्याण्णव टक्के होतायत. एका कार्डाने काय बिघडतंय?"

"ज्याचं कार्ड त्याचं बिघडतं ना रे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तीन मेमो मिळाले, तिन्ही जिभेपायी. मी दीक्षा. नाव आजोबांनी ठेवलं, छप्पन सालाची आठवण म्हणून. खाडीकाठच्या या उपकेंद्रात नर्स म्हणून आले तेव्हा पंचवीसची होते. पहिली दोन वर्षं या कोळीवाड्यात माझा चहाचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, पडवीच्या कोनाड्यात ठेवलेला. याच घरातला. गोदूबाईची सासू होती तेव्हा. मी चहा प्यायचे, कप धुवायचे आणि मुद्दाम आत जाऊन त्यांच्या भांड्यांत ठेवून यायचे. म्हातारी परत तो कोनाड्यात आणायची. असं चाललं होतं. एक दिवस गोदूबाईने तो कप फोडला. हातातून पडला, असं ती सासूला म्हणाली. तिच्या हातून दुसरं काही पडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून या बाईवर मला नीट चिडताही येत नाही.

"मावशी, ते कार्ड फुकट गेलं," मी म्हटलं. "उन्हाने त्यातलं सगळं मेलं. परत घ्यावं लागेल. आज, आत्ता."

गोदूबाईने मांदेलीचा हात झटकला. "आता न्हाय. शुक्कीरवारी बारावा. बारसं होऊ दे, मंग बघू. त्या दिवशी तुज्या शब्दाखातर दिली ना मी पोरगी? आता परत कशाला? पोरगी हाय ती, फाटलेलं जालं न्हाय, परत परत सुई घालायला."

"मी बाळाला बघते आधी," म्हणत मी आत गेले.

गोदूबाईची सून विनिता भिंतीला टेकून बसली होती. पहिलटकरीण, तेविशीची पोर. नवरा विनेश बोटीवर, चार दिवस झाले जाऊन. फोन लागत नव्हता. झोळीत बाळ झोपलेलं.

"कधीपासून झोपलीय?"

"सकालपास्नं, शिस्टर. उठवून पाजावं लागतं. दोन घोट घेते नि परत झोपते." विनिता हसली. "सगल्या बोलतात, नशीब काढलंस. रातभर झोपायला मिलतं. रडतच न्हाय."

"हूं की चूं न्हाय!" दारातून गोदूबाई कौतुकाने म्हणाली. "त्या दिवशी तू टोचलंस तवा तरी कुटं रडली? शांत हाय माजी बाय."

शांत. मी बाळाला उचललं. आठवा दिवस, तरी डोळे पिवळे. अंग गार. तळपायावर टिचकी मारली तर तिने तोंड वाकडं केलं आणि घोगरा आवाज काढला, रडायचंच विसरल्यासारखा. बेंबी जराशी वर आलेली. मी तिला परत झोळीत ठेवलं.

यातली एकेक गोष्ट कुठल्याही निरोगी बाळात असू शकते. आठव्या दिवशी कावीळ असते, झोपाळू मुलं असतात. नुसत्या बघण्यावर कुणीही डॉक्टर शपथ घेऊन सांगणार नाही. म्हणून तर ते चार थेंब. पण मी हे सगळं एकत्र एकदा पाहिलं होतं.

दिघीच्या जेट्टीवर गेलात तर सिद्धेश दिसेल. चोवीस वर्षांचा आहे, उंची दहा वर्षांच्या मुलाएवढी. आगरदांड्याची बोट सुटली की तो उभा राहून हात वर करतो आणि बोट पार पलीकडे जाईपर्यंत खाली घेत नाही. बोलतो थोडं. मला 'बाई' म्हणतो. बोटीवाले त्याला विचारल्याशिवाय दोर सोडत नाहीत, गमतीने का होईना. त्याची आई आवडाबाई, याच आळीतली. त्याचा जन्म घरीच झाला. दहाव्या दिवशी मी बघायला गेले, नवी नोकरी, नवा पांढरा युनिफॉर्म. बाळ पिवळसर, झोपलेलं. मी त्याचं वजन केलं, नोंद केली आणि त्या आईला म्हटलं, "किती शांत बाळ आहे हो! नशीबवान आहात."

माझ्या तोंडचं वाक्य आहे ते. दुसऱ्या कुणाचं नाही.

थायरॉईडची ग्रंथीच नव्हती त्याला. ते मला कळलं सहा-सात वर्षांनी, एका प्रशिक्षणात, पडद्यावर तसल्याच एका बाळाचा फोटो आला तेव्हा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज एक छोटी गोळी सुरू झाली असती तर सिद्धेश आज स्वतःची बोट चालवत असता. मी प्रशिक्षणातून उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आवडाबाईला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सतरा वर्षं गेली. एरवी साहेबाला तोंडावर बोलणारी मी, इथे माझी जीभ उचलली नाही.

"विनिता, डॉक्टरकडे नेऊ या हिला," मी म्हटलं. "आज अलिबागला जाऊ. मी येते बरोबर."

विनिताने सासूकडे पाहिलं.

"बारा दिसाच्या आत बालंतीन उंबरा ओलांडत न्हाय," गोदूबाई म्हणाली. "नि पोरीला सुई पन न्हाय. झालं आता, दीक्षा. लय झालं."

"मग विनेशला फोन लावा."

"लागत न्हाय. नि लागला तरी तो माज्याफुडं बोलनार हाय काय?"

माझा फोन वाजला. कमलेश. "झालं का मॅडम? नकार असेल तर फॉर्म पाठवा, मला बारापर्यंत रिपोर्ट द्यायचाय."

त्याचा आवाज एवढा मोठा की गोदूबाईला सगळं ऐकू गेलं. "आन तो कागद," ती म्हणाली. "अंगठा लावतंय. तुज्या नोकरीवर नको यायला."

फॉर्म पिशवीत होता. मी काढला. खरं सांगते, क्षणभर वाटलं, घ्यावा अंगठा. कमलेशचे टक्के होतात, गोदूबाईचं बारसं बिनघोर होतं, माझी फळीवर कार्ड सोडून जाण्याची चूकही त्या रकान्यात गाडली जाते. सगळ्यांचंच भलं. फक्त झोळीतल्या पोरीला कुणी विचारलेलं नव्हतं.

मी फॉर्म फाडला. चार तुकडे केले आणि मांदेलीवर उडू नयेत म्हणून पिशवीत टाकले.

"मॅडम? हॅलो?"

"नकार नाही रे," मी फोनवर म्हटलं. "नर्सची चूक आहे. कार्ड एकटं सोडून गेले. तसं लिही, माझ्या नावाने लिही. मेमो काढायचा तर काढ, तीन आहेत, चौथा झाला तर फाइलही शोभून दिसेल. पण नकार लिहिलास तर तालुक्याला येऊन तुझा लॅपटॉप खाडीत टाकीन."

फोन बंद केला. अंगठ्यासाठी पुढे केलेला हात गोदूबाईने मागे घेतला.

मागच्या दारी चुलीवर पाणी तापत होतं. तिथे आवडाबाई होती, हे मला ठाऊक होतं. कोळीवाड्यात तान्ह्या मुलांना तेल लावून न्हाऊ घालायला तीच जाते. हात तिच्यासारखा हलका कुणाचा नाही. सिद्धेश पायरीवर बसला होता. आता मागे फिरले तर जन्मात कधी बोलणार नव्हते मी.

"मावशी, ऐका," मी म्हटलं. आवाज मुद्दाम मोठा केला, मागच्या दारी जाईल एवढा. "चोवीस वर्षांपूर्वी याच आळीत एक बाळ असंच होतं. असंच पिवळं, असंच झोपाळू. रडायचं नाही. मी बघायला गेले आणि त्याच्या आईला म्हटलं, नशीबवान आहात. ते शांत नव्हतं, मावशी, ते आजारी होतं. थायरॉईडचा आजार होता, मला ओळखता आला नाही. नर्स मी होते, पण कौतुक करून निघून आले. एका गोळीचं काम होतं. ती गोळी मिळाली नाही, आणि ते बाळ..."

मी पायरीकडे पाहिलं. सिद्धेशने मला बघून हात हलवला.

आवडाबाई आत आली. हातात पाण्याचा तांब्या तसाच. मला वाटलं, आता हा तांब्या माझ्या डोक्यात बसणार, आणि बसला तर बसू दे.

"म्हाईत हाय मना," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगला. तो चार वरसांचा व्हता तवा मुंबईला नेला. थितल्या डाक्टरनं सांगितलं, पयल्या महिन्यात यायला पायजे व्हतं, आता गोली दिऊ पन गेलेलं परत न्हाय यायचं. तवापास्नं म्हाईत हाय. गोल्या मुंबईहून मिलतील तवा आनतंय, तुमाला कवा दाखवल्या न्हाईत."

"मग बोलला का नाहीत?" मला रडू फुटलं. "वीस वर्षं, आवडाबाई! मी तुमच्या घरी येत होते, चहा पीत होते..."

"म्हनूनच न्हाय बोलले. बोलले असते तर तुमी लाजेनं यायच्या थांबल्या असत्या. त्याला ताप भरला, फिट आली, तवा कोन आलंय? तुमीच ना? तुमाला गमावून माज्या पोराला काय मिलनार व्हतं? सवारथ व्हता माजा." तिने तांब्या खाली ठेवला आणि ती गोदूबाईकडे वळली. "नि आता तुमाला सांगतंय, गोदूवैनी. आठ दिस मी हिला न्हाऊ घालतंय. अंग गार हाय पोरीचं. डोक्यावर पानी पडलं तरी रडत न्हाय. मना पयल्या दिवसापास्नं डाऊट हाय. घरी जाऊन मी रडतंय."

गोदूबाईचा चेहरा उतरला. "नि मना बोलली न्हाईस? आवडे?"

"कशी बोलू? बारशाचं घर हाय. लोक बोलले असते, आवडी आपला नशीब दुसऱ्याच्या पालन्यात टाकतंय. तुमी पन बोलल्या असत्या." गोदूबाईने मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं. "माज्या सिद्धेशचा पन बारसा झाला बाराव्या दिवशी, बेंजो लावून. काय झाला त्याचा? मी सांगतंय, बारसा दोन दिस फुडं गेला तरी चालंल. ही पोर हातची जाव नको."

विनिताने बाळाला झोळीतून काढलं आणि छातीशी धरलं. ती घाबरली होती. मग पहिल्यांदाच सासूची वाट न बघता ती म्हणाली, "शिस्टर, घ्या. कुठली टाच?"

गोदूबाई उठली. मोरीवर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, मासळीचा वास जाईपर्यंत. येऊन मांडी घालून बसली आणि विनिताकडून नातीला मांडीवर घेतलं. "आई हायेस तू. तुज्याच्यानं बघवायचं न्हाय," ती म्हणाली. "मी धरतंय. ती डावी टोचलेली हाय. उजवी घे."

आवडाबाईने गरम पाण्यात फडकं पिळून दिलं. टाच शेकली, पुसली, टोचली. पोरीने घोगरा हुंकार दिला आणि गप्प झाली. त्या वेळी कुणीही कौतुक केलं नाही. एक, दोन, तीन, चार. चारही गोल भरले.

"आता सांग कसा वालवायचा," गोदूबाई म्हणाली.

"सावलीत. आडवं. वर-खाली काही टेकता कामा नये. बोट लावायचं नाही. चार तास."

तिने दोन पाट समोरासमोर उभे केले आणि त्यांच्या मध्ये दोन काठ्या टाकून लहानशी मांडणी केली, बोंबील वाळवायची वलांडी घालतात तशी, पण घराच्या आत. कार्ड कडांवर टेकवलं. कावळे हाकलायची काठी घेऊन स्वतः शेजारी बसली. मीही बसले. या वेळी उठणार नव्हते. बाहेर अंगणात मांदेलीवर खरंच कावळे उतरले. त्यांचा गलका आत ऐकू येत होता.

"मावशी, मांदेली," मी म्हटलं.

"जाऊ दे. रोजचीच हाय मांदेली." तिची नजर कार्डावरून हलली नाही. जरा वेळाने हळूच म्हणाली, "थायरॉड तर बायकांना व्हतं ना? म्होठ्या बायकांना?"

"बाळांनाही होतं. जन्मतःच."

"नि गोली खाल्ली म्हंजे?"

"म्हणजे शाळेत जाईल, भांडेल, तुम्हाला उलटून बोलेल."

"बोलू दे," गोदूबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

लॅबची गाडी गुरुवारी येणार होती. मी कशाला थांबते! कार्ड पाकिटात घालून संध्याकाळच्या बोटीने आगरदांड्याला गेले, मुरूडला मावसबहिणीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, पहिल्या एस.टी.ने अलिबाग. पाकीट हातोहात दिलं. खिडकीतला माणूस म्हणाला, असं नर्सने परस्पर आणायचं नसतं. मी म्हटलं, आणलंय तर खरं, आता परत नेऊ का? त्याने घेतलं.

शुक्रवारी बारसं होतं. पाळणा म्हणत होत्या बायका, घुगऱ्या वाटत होत्या. विनेश आदल्या दिवशीच समुद्रावरून परत आला होता आणि दाराशी उभा होता. कमलेशचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज हळू होता.

"मॅडम, आकडा खूप वर आहे. लगेच न्यायला सांगितलंय." मग थांबून म्हणाला, "मॅडम, मी नकार लिहिला असता तर..."

"नाही लिहिलास ना? मग झालं," मी म्हटलं. पोरगा खरंच वाईट नाही.

दारातून गोदूबाईने माझं तोंड पाहिलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही. तिने बाळाच्या आत्याला खूण केली, नाव कानात सांगून झालं, सगळ्यांनी कुर्र केलं. गोदूबाई उभी राहिली. "बारावा झाला," ती मोठ्याने म्हणाली. "उंबरा मोकला. विनिता, लुगडं बदल. विनेश, बोट किती वाजताची हाय बघ."

एका बाईने नाक मुरडलं. बारशाच्या दिवशीच तान्ही पोर खाडीपार नेतात काय, असं काहीतरी पुटपुटली. गोदूबाईने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती घुगऱ्या घेऊन कोपऱ्यात गेली. जेट्टीवर सिद्धेश होता. आमची बोट सुटली तेव्हा त्याने हात वर केला. अलिबागच्या डॉक्टरांनी दंडातून रक्त घेऊन खात्री करून घेतली आणि त्याच संध्याकाळी पहिली गोळी दिली, कुटून, आईच्या दुधाच्या चार थेंबांत. गोळी बघून गोदूबाई म्हणाली, "एवढीशीच? एवढ्याशासाठी?" आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला कळलं ती कुणाचा विचार करतेय.

मला चौथा मेमो आला. कार्ड एकटं सोडल्याबद्दल आणि परस्पर नेल्याबद्दल, असे दोन्ही गुन्हे एकाच कागदावर. खुलासा मागितला होता. मी लिहिलं, "दोन्ही केले. पहिल्याची लाज वाटते." खाली सही केली.

दीड महिन्याच्या लसीला विनिता आणि गोदूबाई पोरीला घेऊन उपकेंद्रात आल्या. रस्त्यावरूनच आवाज येत होता. कसली रडत होती! गाल भरलेले, मुठी आवळलेल्या, टोचायच्या आधीच टाहो. टोचल्यावर तर कौलं उडतील असं वाटलं. रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"रातभर झोपू देत न्हाय," गोदूबाई तक्रार करत होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "शेजारी पन बोंबलतात. मी बोलले, बोंबला! माजी बाय रडतंय, तुमच्या बापाचं काय जातंय?"

आवडाबाई बाकावर सिद्धेशला घेऊन बसली होती, त्याच्या गोळ्या आता इथूनच न्यायला आली होती. ती उठली आणि तिने पोरीला विनिताकडून घेतलं. खांद्याला लावलं. पोर तिच्या कानातच किंचाळत होती. आवडाबाईने थोपटलं नाही, उगी म्हटलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिली.

"रड गो बाय," ती म्हणाली. "माज्या सिद्धेशच्या वाटचं पन रड."

मी सिरिंज हातात घेऊन तशीच उभी होते. बाकावर सिद्धेश उठून उभा राहिला. पोरीकडे बघत त्याने हात वर केला, बोट सुटताना करतो तसा, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत खाली घेतला नाही.